नवरा फौजेत, मार घरात : कायदा कुठवर पोहोचतो?



आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, फौज काही नवी नाही. शहराला लागूनच भिंगारचा कॅम्प आहे. रणगाड्यांवरचे जवान घडवणारं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथंच आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटरही इथंच. जवान सुट्टीवर आला की सगळी आळी भेटायला जाते. निवृत्त होऊन आला तर हलगी लावून मिरवणूक निघते. हा मान त्यांनी कमावलेला आहे, त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

आजचा विषय मात्र त्याच घराच्या आतला आहे. समजा, आपल्याच गटातली एक ताई आहे. एरवी हप्ता भरायला सगळ्यांच्या आधी येते. नवरा सुट्टीवर आला की दोन महिने मीटिंगला फिरकत नाही. तो परत गेल्यावर येते, तेव्हा उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज असतो. कुणी विचारलंच तर म्हणते, "गोठ्यात घसरले." आणि आपणही पुढं विचारत नाही, कारण तो फौजी आहे, देशासाठी उभा राहतो, त्याच्याबद्दल कसं बोलायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. फौजेतला प्रत्येक नवरा बायकोला मारतो, असं मुळीच नाही. मारहाण शेतकऱ्याच्या घरात आहे, मास्तराच्या घरात आहे, बंगल्यातही आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारात एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र शंभरात १४ च निघाल्या. फौजेच्या घरात दुखणं तेच असतं, पण गप्प बसायची कारणं थोडी वेगळी असतात. त्या कारणांबद्दल आणि त्यातून निघायच्या वाटेबद्दल आज बोलू.

मार म्हणजे फक्त हाताचा नाही

आपल्याकडं 'घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण' हा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्यात हिंसा चार प्रकारची सांगितली आहे : शरीराची, लैंगिक, बोलण्यातून-मनावर केलेली आणि पैशाची. फौजेच्या घरात ती कशी दिसते ते बघा.

पगार बँकेत जमा होतो, पण एटीएम कार्ड सासऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात. तिला पोराच्या वहीसाठीही हात पसरावा लागतो. ही पैशाची हिंसा.

नवरा दोन हजार किलोमीटर लांब, पण दिवसातून दहा वेळा व्हिडिओ कॉल. "फोन फिरव, घरात कोण आहे दाखव." उचलायला उशीर झाला की शिव्या. कुणाशी बोललीस, कुठं गेलीस, याचा हिशेब. ही मनावरची हिंसा.

"सुट्टी थोडी असते, नाही म्हणायचं नाही" असं म्हणून तिच्या मनाविरुद्ध, आजारपणातही जबरदस्ती. ही लैंगिक हिंसा. लग्न झालंय म्हणून ती हिंसा नाही, असं हा कायदा म्हणत नाही.

आणि फौजी घरातली खास धमकी म्हणजे, "रेकॉर्डमधून तुझं नाव काढून टाकीन, पेन्शनला मुकशील." ही धमकी पोकळ आहे. लग्नानंतर बायकोचं नाव लष्कराच्या कागदांवर रीतसर चढतं. न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम असल्याशिवाय नवरा एकटा ते रागाच्या भरात पुसू शकत नाही. ही एक गोष्ट कळली तरी अर्धी भीती जाते.

"त्याच्यावर ताण असतो गं"

सासू म्हणते, आई म्हणते, कधी ती स्वतःही म्हणते, "बर्फात ड्युटी, डोळ्याला डोळा नाही, घरी आल्यावर राग निघणारच." ताण असतो हे खरं आहे. झोप उडणं, दचकून उठणं, एकलकोंडं होणं, दारू वाढणं, हे सगळं होतं आणि त्यावर उपचारही असतात. टेलि-मानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६. फोनवरून मनाच्या आजारावर मोफत सल्ला मिळतो आणि मराठीत बोलता येतं. जवान आणि त्यांच्या घरच्यांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. नवऱ्याला मदत हवी असेल तर हा नंबर जरूर द्या.

पण एक साधा प्रश्न स्वतःला विचारा. तोच माणूस रागाच्या भरात त्याच्या साहेबावर हात उगारतो का? नाही. तिथं राग आवरतो. मग घरात आवरत नाही असं कसं? घरात हात उचलला तर कुणी जाब विचारणार नाही, याची त्याला खात्री असते. ताणावर औषध आहे. मारहाणीवर औषध म्हणजे जाब. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवा. तो बरा होईपर्यंत तिनं मार खात राहायचं, असा इलाज कुठल्याच डॉक्टरानं सांगितलेला नाही.

तीन भीती

अशा ताईजवळ बसून शांतपणे विचारलं तर तिच्या तोंडून तीन भीती निघतात.

पहिली, "तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल, मग खाणार काय?"

दुसरी, "तो तिकडं सीमेवर, मी इकडं गावात. इथलं पोलीस ठाणं आणि कोर्ट त्याला काय करणार?"

तिसरी, "लोक काय म्हणतील? फौजीची बायको कोर्टात गेली म्हणतील."

तिसऱ्या भीतीचं उत्तर कायद्यात नाही, ते आपल्या गटात आहे. त्याकडं शेवटी येते. पहिल्या दोन भीतींचं उत्तर कायद्यात आहे, ते नीट समजून घेऊ.

नोकरी जाते का?

इथं दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका.

एक वाट फौजदारी गुन्ह्याची. पूर्वी ज्याला आपण '४९८ अ' म्हणायचो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ नंबरचं झालं आहे. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. या वाटेनं पोलीस तपास करतात, खटला चालतो. शिक्षा लागली तर नोकरीवर परिणाम होऊ शकतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. जिवावर बेतलं असेल, हाड मोडलं असेल, हुंड्यासाठी छळ असेल, तर ही वाट धरावीच लागते. नोकरीपेक्षा जीव मोठा.

दुसरी वाट २००५ च्या कायद्याची. इथं ती शिक्षा मागत नाही, संरक्षण मागते. "मला मारू नका, घराबाहेर काढू नका, खर्चाला पैसे द्या, मुलं माझ्याजवळ राहू द्या," एवढंच. असा अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. न्यायालयाचा हुकूम झाल्यावरही त्यानं तो मोडला, तर मात्र तो गुन्हा ठरतो. त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे त्याची नोकरी त्याच्याच वागण्यावर टिकते किंवा जाते, तिच्या अर्जावर नाही. हे वाक्य तिला पुन्हा पुन्हा सांगा.

तो सीमेवर, मी गावात

आता दुसरी भीती. या कायद्यातली फार मोलाची सोय अशी की, ती सध्या जिथं राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. माहेरी तात्पुरती आली असेल तरी चालतं. नवऱ्याची पोस्टिंग राजस्थानात असो की आसामात, ती पाथर्डीत राहत असेल तर पाथर्डीतूनच अर्ज होईल. त्याचं समन्स त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावता येतं.

अर्ज भरायला वकीलच हवा असं नाही. सरकारनं संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, महिला व बालविकास विभागाकडं चौकशी केली की आपल्या भागाचे अधिकारी कोण ते कळतं. ते तिची हकिगत ऐकून 'घरगुती घटना अहवाल' भरतात आणि तो मॅजिस्ट्रेटकडं देतात. हा अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं आहे. अर्ज मिळाल्यापासून साधारण ३ दिवसांत पहिली तारीख आणि ६० दिवसांत निकाल, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. पण धोका मोठा असेल तर मॅजिस्ट्रेट तिच्या शपथपत्रावर, समोरच्याची वाट न पाहता, तात्पुरता हुकूम देऊ शकतात. हुकुमाची प्रत तिला फुकट मिळते.

घराचं काय? घर सासऱ्याच्या नावावर आहे, म्हणून "निघ" म्हणतात. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नवऱ्याबरोबर ती ज्या सासरच्या घरात नांदली, ते घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी तिला तिथं राहायचा हक्क मागता येतो. आणि त्रास देणारी सासू किंवा नणंद असली तरी तिच्याविरुद्ध अर्ज करता येतो. मुंबईतल्या एका मायलेकींच्या खटल्यात २०१६ साली हा निकाल लागला. वीरपत्नीला पेन्शनसाठी किंवा मिळालेल्या रकमेसाठी सासरी छळ होत असेल, तर तिलाही हाच कायदा लागू आहे.

कॅम्पातल्या फॅमिली क्वार्टरमध्ये राहणाऱ्या ताईंना वाटतं, इथं फक्त लष्कराचं राज्य. तसं नाही. क्वार्टर लष्कराचं असलं तरी २००५ चा कायदा तिथंही चालतो. तिथूनही ११२ लावता येतो, जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येतं. घटना दुसऱ्या राज्यात घडली आणि ती आपल्या गावी पळून आली, तरी इथल्या ठाण्यानं 'झिरो एफआयआर' नोंदवून तो तिकडं पाठवायचा असतो. "आमची हद्द नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

लष्कराचा स्वतःचा नियम

ही गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत असते, म्हणून जरा सावकाश वाचा.

१९५० च्या सैन्य कायद्यानुसार जवानाचा पगार दिवाणी न्यायालयाला थेट जप्त करता येत नाही. यावरूनच नवरे म्हणतात, "माझ्या पगाराला कुणी हात लावू शकत नाही." हे अर्धं खरं आहे. त्याच कायद्यात पुढं, ९० आणि ९१ या कलमांत, बायको-मुलांच्या पोटगीसाठी लष्करानं स्वतः पगारातून रक्कम कापून द्यायची सोय आहे. ९० वं कलम अधिकाऱ्यांसाठी, ९१ वं जवानांसाठी.

लष्कराच्या आदेशानुसार ही रक्कम बायकोसाठी पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत आणि प्रत्येक अवलंबून मुलासाठी साडेपाच टक्क्यांपर्यंत असू शकते. सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. हिशेब करून बघू. पगार-भत्ते मिळून ४० हजार रुपये असतील, तर बायकोचे ८,८०० आणि दोन मुलांचे २,२०० प्रमाणे ४,४००. एकूण १३,२०० रुपये. ही वरची मर्यादा झाली, मिळणारी रक्कम कमी असू शकते.

त्यासाठी काय करायचं? तिनं स्वतः, साध्या कागदावर, नवऱ्याच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज लिहायचा. लग्न कधी झालं, मुलं किती, खर्चाला पैसे कधीपासून मिळत नाहीत, त्रास काय आहे, हे तारखांसह. सोबत लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, आधार आणि स्वतःच्या एकटीच्या नावाच्या बँक खात्याच्या पासबुकाची झेरॉक्स. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवायचा, पावती जपून ठेवायची. युनिट कुठल्या गावी आहे हे माहीत नसलं तरी चालतं. युनिटचं नाव आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा जो लष्करी पत्ता असेल, त्यावर टपाल पोहोचतं. एक प्रत रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसलाही पाठवावी. मग जवानाला नोटीस जाते, त्याचं म्हणणं घेतलं जातं आणि वरचे अधिकारी निर्णय देतात. महिने लागतात, म्हणून अधूनमधून स्मरणपत्र पाठवत राहायचं.

या अर्जानं न्यायालयाची वाट बंद होत नाही. दोन्हीकडं मागता येतं. मात्र एकीकडं मिळणारी रक्कम दुसरीकडं लपवायची नाही, ती हिशेबात धरली जाते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं पोटगीचे नियम घालून दिले. दोघांनी आपापली कमाई आणि मालमत्ता शपथेवर सांगायची आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, असं त्यात आहे. म्हणून अर्ज लवकर करावा, थांबलेले महिने वाया जातात.

नवरा निवृत्त झाला असेल तर कमांडिंग ऑफिसरची वाट राहत नाही, मग न्यायालयातच जावं लागतं. नवरा सीआरपीएफ किंवा बीएसएफमध्ये असेल, तर ती दलं गृहखात्याकडं येतात, त्यांचे नियम वेगळे आहेत. पण २००५ चा कायदा सगळ्यांना सारखाच.

कागदांची पिशवी

मैत्रिणींनो, हे काम आजच करता येतं आणि भांडण नसलेल्या घरातही ते उपयोगाचं आहे. नवऱ्याचा सर्व्हिस नंबर, हुद्दा, युनिटचं नाव, रेजिमेंट आणि लष्करी पत्ता एका वहीत लिहून ठेवा. निवृत्त असेल तर पेन्शनच्या कागदाची, म्हणजे पीपीओची झेरॉक्स. लग्नाची नोंद नसेल तर ती करून घ्या. लग्नपत्रिका, फोटो, मुलांचे दाखले, डिपेंडंट कार्ड, ईसीएचएस कार्ड, सगळ्यांच्या प्रती काढा. एक संच घराबाहेर, विश्वासाच्या बाईकडं ठेवा.

मारहाण झाली तर सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला खरं कारण सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. "गोठ्यात घसरले" असं लिहिलं गेलं, तर उद्या तोच कागद तिच्या विरोधात बोलतो. या कायद्यानुसार मागितल्यावर उपचार देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. शिव्यांचे, धमक्यांचे मेसेज पुसू नका.

आपला गट काय करू शकतो

आता तिसऱ्या भीतीकडं येते. "लोक काय म्हणतील?" ते लोक म्हणजे आपणच की.

ताई बोलायला लागली तर पहिलं काम म्हणजे ऐकणं. "तू काय बोललीस म्हणून त्यानं मारलं?" हा प्रश्न विचारायचा नाही. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी चूक नाही. तुला काय करायचंय?" एवढं पुरे. नांदायचं की निघायचं, तक्रार करायची की फक्त सल्ला घ्यायचा, हे तिनं ठरवायचं. आपण घाई केली आणि तिचं मन तयार नसलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.

तिचं बोलणं गटाच्या व्हॉट्सॲपवर नको, मीटिंगच्या वहीत नको, घरी नवऱ्याच्या कानावरही नको. दहाजणींनी मिळून त्याला दम द्यायला जाऊ नका. आपण घरी परतू, ती रात्र तिला त्याच घरात काढायची असते. चावडीवर बसवून "झालं गेलं विसरा" असा समझोताही नको. मार खाणारी आणि मारणारा एका सतरंजीवर बसले म्हणून सारखे होत नाहीत.

मग करायचं काय? तिच्याबरोबर बसून सुरक्षेची आखणी करा. नवरा सुट्टीवर कधी येणार, कधी जाणार, हे आपल्याला माहीत असतं. त्या दिवसांत कोणी तिच्याकडं ये-जा ठेवायची ते ठरवा. एक खुणेचा शब्द ठरवा. "विरजण आहे का?" असा फोन आला की लगेच जायचं किंवा ११२ लावायचा. एका पिशवीत कपडे, थोडे पैसे, औषधं आणि कागद शेजारी ठेवा. मुलांना सांगा की भांडण सुरू झालं की मध्ये पडायचं नाही, अमक्या काकूकडं पळायचं.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. गळा दाबला असेल, गरोदरपणी मारलं असेल, "जाळून टाकीन, मारून टाकीन" असं म्हणत असेल, किंवा घरात परवान्याची बंदूक असेल. गळा दाबल्यावर वरून वळ दिसला नाही तरी आत इजा असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हिंसेत हत्याराचा वापर झाला असेल तर मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं पोलीस आणि संरक्षण अधिकारी ते ताब्यात घेऊ शकतात, म्हणून अर्जात बंदुकीचा उल्लेख करा.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर सहा आठवड्यांत चार जवानांच्या बायका नवऱ्याच्या हातून मारल्या गेल्या. सगळा देश हादरला. पुढं काही वर्षांत तिथल्या लष्करानं एक सोय केली. पीडित बाईनं सांगितलेलं नवऱ्याच्या साहेबाला न कळवता तिला डॉक्टर आणि सल्ल्याची मदत घेता येऊ लागली. कारण त्यांच्याही लक्षात आलं की, नवऱ्याची नोकरी जाईल या भीतीनं बायका मरेपर्यंत गप्प राहतात.

आपल्याकडंही तक्रार न नोंदवता सल्ला घेता येतो. सखी वन स्टॉप सेंटर ही योजना २०१५ पासून आहे. तिथं समुपदेशन, औषधोपचार, पोलीस आणि वकिलाची मदत आणि ५ दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा, असं एकाच छताखाली मिळतं. आपल्या महाराष्ट्रात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढं असे कक्ष राज्यात ठिकठिकाणी पोलिसांच्या आवारात झाले. तिथं बसलेली बाई पोलीस नसते, समाजकार्यकर्ती असते. नगरमध्ये १९८९ पासून काम करणारी स्नेहालय संस्थाही अडचणीतल्या महिला-मुलांना आधार देते.

वकिलाची चिंता नको. उत्पन्न कितीही असलं तरी प्रत्येक बाईला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे. सैनिक मंडळांमध्ये फौजी कुटुंबांसाठी कायदा सल्ला केंद्रं उघडायची, ही त्यातली कल्पना. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर त्याची चौकशी करा. आपण विचारलं तर ते सुरू राहील.

हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

तातडीची मदत, पोलीस : ११२
महिला हेल्पलाइन : १८१
मोफत कायदा सल्ला : १५१००
राष्ट्रीय महिला आयोग : ७८२७१७०१७०
मनाच्या आजारासाठी टेलि-मानस : १४४१६

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोबत जा. ताईला संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयात एकटीला पाठवू नका. एसटीचं तिकीट गटाच्या पैशातून काढा. कोर्टाच्या पहिल्या तारखेला तिच्याशेजारी बाकावर बसा. तारखा लांबतात, माणूस थकतो, माघार घ्यावीशी वाटते. ती मध्येच परत नांदायला गेली तरी "आता आम्हाला सांगू नकोस" असं म्हणू नका. बाई एकदा परत गेली म्हणून खोटी ठरत नाही. तिला दार उघडं आहे, एवढं कळलं पाहिजे.

मैत्रिणींनो, फौजीचा मान आपण ठेवतोच आणि पुढंही ठेवू. पण तो सीमेवर उभा असताना त्याचं घर, शेत, म्हातारी माणसं आणि पोरं जी सांभाळते, तिचाही मान त्यातच आला. पुढच्या मीटिंगला हे पान मोठ्यानं वाचा. वाचून झाल्यावर कुणाला काही विचारू नका, फक्त नंबर लिहून घ्यायला सांगा. जिला गरज आहे, ती आपणहून मीटिंग संपल्यावर मागं थांबेल. त्या दिवशी तुम्हीही थोडं थांबा.